रागदारी शिकले, नाटकात आले आणि निम्मं विसरावं लागलं

गिरणाकाठ
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे. परवा एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं, की शास्त्रीय शिकलेल्या माणसाला नाट्यपद (संगीत नाटकातलं गाणं) म्हणजे डाव्या हातचा मळ. तिथे उत्तर टंकायला बसले, ते इतकं वाढत गेलं की म्हटलं, दुसऱ्याच्या ओसरीवर एवढा पसारा नको. म्हणून हा वेगळा धागा.

आधी ओळख. माझं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. घरी कापूस आणि थोडी केळी. गाणं शिकलेलं घरात कुणीच नव्हतं, गाणाऱ्या मात्र सगळ्याच. आजी जात्यावर, काकू आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर, आई आमच्याकडच्या कानबाई देवीच्या जागराच्या रात्री. त्या रात्री आमच्याकडे झोपायची पद्धतच नाही. या बायकांना कुणी 'गायिका' म्हटलं असतं तर पदर तोंडाला लावून हसत बसल्या असत्या. सूर मला तिथून मिळाला हे फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, सूर जळगावला मिळतो आणि त्यासाठी एसटीनं जावं लागतं.

सातवीत असताना शाळेतल्या बाईंनी आबांना बोलावून सांगितलं, पोरीला गाणं शिकवा. आबा म्हणाले, "शिकवून काय करू? गातेच आहे ती." पण पाठवलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाचोऱ्यावरून जळगाव, मावशीकडे मुक्काम, रविवारी दुपारपर्यंत गुरुजी आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. गुरुजी रेल्वेतून निवृत्त झालेले, तालीम ग्वाल्हेर घराण्याची. पहिले आठ महिने त्यांनी भूप शिकवला. नुसता भूप. आई दर रविवारी दारातच विचारायची, "आज काय शिकवलं?" मी म्हणायची, "भूप." "अजून संपला नाही?" पाच सुरांचा राग आणि आठ महिने! फी पाण्यात चालली याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती.

पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. कॉलेजात असताना विद्यापीठाचा युवक महोत्सव 'युवारंग'. यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. गाणं शिकणाऱ्या खान्देशातल्या कुठल्याही मुलीची हीच गोष्ट.

नाटक आलं ते बाळंतपणामुळे. माझ्या नव्हे. एक हौशी मंडळी राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी 'सौभद्र' बसवत होती आणि त्यांची सुभद्रा सातव्या महिन्यात माहेरी निघाली. दिग्दर्शक नाना गुरुजींकडे आले. म्हणाले, "गाणारी मुलगी द्या. अभिनयाचं बघू." या 'अभिनयाचं बघू'नं मला पुढे दोन महिने रडवलं.

पहिल्या तालमीला मी सतरंजीवर मांडी घातली, मोबाइलवर तानपुरा लावला, डोळे मिटले आणि पद गायले. आलाप, ताना, शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं), सगळं. आता वाहवा येणार म्हणून डोळे उघडले. नाना खुर्चीत पुढे सरकले.

"छान. पण ताई, बोलत कुणाशी होत्या?"

"मी गात होते, नाना."

"तेच विचारतोय. गात कुणाशी होत्या?"

मला उत्तर देता आलं नाही. नाना उठले. "मोठा भाऊ हिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून बसलाय. अर्जुन तीर्थयात्रेला गेलाय. आणि ही बाई डोळे मिटून तिहाई घेतेय. हिला काळजी आहे की नाही?"

तेव्हापासून विसरणं सुरू झालं. आधी मिटलेले डोळे विसरले. मग बैठक. मांडी घालून गाणाऱ्याचा श्वास एका जागी बसलेला असतो. नाटकात मी विंगेतून तरातरा येते, कुसुमावतीवर चिडते, चार वाक्यं फेकते आणि पाचव्या वाक्याच्या जागी पद सुरू होतं. मैफलीत पहिला षड्ज, म्हणजे सा, लागेपर्यंत ऐकणारे थांबतात. नाटकात षड्ज लागला नाही तर लागला नाही, पद पुढे निघालेलं असतं.

सगळ्यात अवघड गेले शब्द. ख्यालाच्या बंदिशीत शब्द ही खुंटी, तिच्यावर राग टांगायचा. 'पियरवा'तला 'र' कुठे गेला हे कुणी विचारत नाही. पदात एक अक्षर गिळलं की मागच्या रांगेतली आजी शेजारणीला विचारते, "काय म्हनी व ती?" आणि त्या दोघींचं पुढचं एक कडवं बुडतं.

आणि ताना. त्या मी सोडल्या नाहीत, पण प्रत्येक तानेआधी नानांचा प्रश्न आठवतो: तू तान घेतेस तेव्हा तुझ्या शेजारी उभा असलेला काय करतो? आमच्या रुक्मिणीनं एका तालमीत खरंच सांगितलं होतं, "मी छताचे पंखे मोजते. अकरा आहेत. दोन बंद."

बारा वर्षं झाली या गोष्टीला. सुभद्रा केली, 'मानापमान'मधली भामिनी केली, 'संशयकल्लोळ'मधली रेवती केली. पोटापाण्यासाठी शाळेत संगीत शिकवते.

गाण्याबाहेरच्या आवडी म्हणाल तर आखाजीची आणि कानबाईची गाणी फोनवर रेकॉर्ड करत हिंडते (बायका आधी लाजतात, मग थांबत नाहीत). जुन्या पायपेट्या (पायानं भाता मारायच्या पेट्या) उघडून बघायचा नाद आहे. भरिताची वांगी काट्याकुट्यांवर भाजण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे नम्रपणे नमूद करते. आणि टीव्हीवर कबड्डी लागली की घरातल्यांनी माझ्याशी बोलू नये.

विचारा काय विचारायचं ते.

———

खापरपोळी
शनिवार, रात्री ११:०५

अकरा पंखे, दोन बंद!! मी ते नाट्यगृह ओळखलं, पण नाव सांगत नाही. मस्त धागा. पुढील लेखनास शुभेच्छा.

———

पांझराकाठ
रविवार, सकाळी ७:५०

गंज भारी लिखं शे व ताई. मी धुळ्याचा. राजर्षी शाहू नाट्यमंदिरात लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून संगीत नाटकं पाहिली, निम्मी झोपेत. एक बाळबोध शंका. संवाद बोलता बोलता तुम्ही एकदम बरोबर पट्टीत कशा येता? कानात काही लावलेलं असतं का?

———

गिरणाकाठ
रविवार, सकाळी ९:२०

@पांझराकाठ, बाळबोध मुळीच नाही. मी नाटकात येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

कानात काही नसतं. ऑर्गनवाल्याकडे संवादाची पूर्ण वही असते. पदाआधीची दोन-तीन वाक्यं उरली की तो माझा षड्ज हळूच खाली धरतो. इतका हळू, की प्रेक्षकांना तो आपल्याच मनातला वाटावा. मी बोलत असते, पण कान तिकडे. शेवटचं वाक्य त्या सुराच्या आसपास आणून टेकवायचं आणि तिथूनच पद उचलायचं. जमलं तर बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही.

गंमत पुढे आहे. माझी पट्टी (माझा सा पेटीच्या ज्या पट्टीवर, ती) काळी चार, आमच्या अर्जुनाची काळी एक. आमच्या दोघांच्या पदांमध्ये कधीकधी सहाच वाक्यं असतात. तेवढ्यात ऑर्गनवाल्यानं पट्टी बदलायची, तबलजीनं दुसरा तबला पुढे ओढायचा आणि प्रेक्षकांनी यातलं काही पाहायचं नाही. एकदा वही वाऱ्यानं उलटली आणि मला अर्जुनाचा षड्ज मिळाला. त्या दिवशी सुभद्रेचा आवाज पार पाताळातून आला. नाना म्हणाले, "दुःख छान दाखवलंत."

———

मात्रा_सोळा
रविवार, दुपारी १२:१०

आमच्याबद्दलही कुणीतरी लिहिलं, बरं वाटलं. वीस वर्षं संगीत नाटकाला तबला वाजवतोय. मैफलीत गवई माझ्याकडे बघतो, हात करतो, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान डोलावतो. नाटकात तो माझ्याकडे बघतच नाही. आम्ही पुढे खाली बसलेलो, मान वर करून बघायचं तर दिसतात फक्त पाय.

तर गुपित सांगतो. मी पायाचा अंगठा बघतो. नऊवारीच्या काठाखालून उजव्या पायाचा अंगठा. चांगला नट ताना घेताना वरून अगदी स्थिर असतो, पण सम जवळ आली की तो अंगठा दाबला जातो. एका बाईंना पायमोजे घालायची सवय होती. तो प्रयोग मी देवाचं नाव घेत वाजवला.

नाट्यसंगीताची साथ कमी प्रतीची समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अहमदजान थिरकवांसारखे तबल्याचे उस्ताद बालगंधर्वांच्या गंधर्व कंपनीत वाजवत होते. मागे तो ठेका होता म्हणून ते गाणं तसं डुलत होतं.

———

गिरणाकाठ
रविवार, दुपारी १२:४०

@मात्रा_सोळा, अंगठा!! आमचे तबलजी मला दर प्रयोगाआधी "चपला नको" असं का बजावतात ते आज कळलं. मला वाटायचं रंगदेवतेसाठी.

———

शुद्धनिषाद
रविवार, दुपारी ४:३०

लेख वाचनीय आहे, पण मुळात मतभेद आहे. नाट्यसंगीतानं रागदारीचं भलं केलं असं म्हणायची फॅशन आहे. वस्तुस्थिती अशी की तीन मिनिटांत राग उरकायची सवय लोकांना तिथेच लागली. आणि ऑर्गन? सगळी स्वरांतरं समान करून ठेवलेलं वाद्य. त्यावर दरबारी रागाचा गंधार (ग) कसा लावणार? आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती ती उगाच नव्हे. तुमच्या गुरुजींनी आठ महिने भूप दिला आणि तुम्ही त्याचं काय केलंत?

———

खापरपोळी
रविवार, दुपारी ४:३५

(खुर्ची ओढून, मुरमुरे-शेव घेऊन बसले आहे.)

———

गिरणाकाठ
रविवार, रात्री ९:१५

@शुद्धनिषाद, रागावले नाही. निम्मं मान्यही आहे. ऑर्गनवर दरबारीचा गंधार लागत नाही, खरं आहे. म्हणून कसलेला ऑर्गनवाला त्या जागेवर बोट ठेवतच नाही. तो षड्ज-पंचम धरून गप्प बसतो आणि गंधार माझ्यावर सोडतो. आणि १९४० सांगितलंत तर १९७१ पण सांगा, ती बंदी तेव्हा शिथिल झाली.

राग उरकण्याबद्दल. 'स्वयंवर' १९१६ चं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. हा माणूस ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेला. त्याला यमन तीन मिनिटांत मावत नाही हे ठाऊक नव्हतं असं म्हणायचंय का? त्यांनी यमन उरकला नाही. रुक्मिणीच्या त्या क्षणी जेवढा यमन लागतो तेवढाच तिला दिला. आमच्या आबांना यमन कशाशी खातात ते माहीत नाही, पण 'नाथ हा माझा'ची पहिली ओळ ते शेतात पाणी भरताना गुणगुणतात, आणि यमनातला तीव्र मध्यम (म) बरोबर लागतो. कुठल्या परीक्षेला न बसता. हे त्यांना कुणी दिलं?

भूपाचं काय केलं, ते सांगते. गुरुजी पहिल्यांदा नाटक बघायला आले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. प्रयोग संपल्यावर मेकअप-खोलीत आले. मला वाटलं, आता उच्चारावरून झापतात. ते म्हणाले, "आज तू पहिल्यांदा कुणासाठी तरी गायलीस. इतकी वर्षं माझ्यासाठी परीक्षा देत होतीस." आणि लगेच, "दुसऱ्या अंकात निषाद चढला होता." गुरुजी ते गुरुजीच.

———

तापीकाठचा
रविवार, रात्री १०:००

आमच्या खान्देशाला नाटकाच्या बाबतीत कुणी विचारत नाही. सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई, झालं. म्हणून दोन गोष्टी नोंदवून ठेवतो.

एक, नारायण राजहंस बालगंधर्व होण्याआधी लहानपणी गाणं शिकले ते आमच्या जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे. टिळकांनी त्यांचं गाणं ऐकून 'बालगंधर्व' म्हटलं ते १८९८ साली. म्हणजे किर्लोस्कर नाटक मंडळीत जाण्याच्या कितीतरी आधी त्या गळ्यावर खान्देशचं ऊन पडलेलं होतं. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो.

दोन, मास्टर दीनानाथांची सासुरवाडी थाळनेर. आमच्या शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. थाळनेरच्या हरिदास लाड यांची मुलगी नर्मदा ही त्यांची पहिली पत्नी. त्या गेल्यावर तिची बहीण शेवंती, म्हणजेच माई मंगेशकर. लताबाईंचं आजोळ थाळनेर! एकीकडे 'बलवंत संगीत मंडळी'चा तो तडफदार गळा आणि दुसरीकडे आमच्या तापीकाठची आजी. पोरांच्या गाण्याचं निम्मं श्रेय तरी आम्हाला द्या की राव.

———

रसिक_भुसावळ
सोमवार, सकाळी ८:१५

+१ तापीकाठचा. पण प्रॅक्टिकल बोलू. आज तीन तास संगीत नाटक बघायला वेळ कुणाकडे आहे? आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते, बंद नाट्यगृहात एसी चालेल याची खात्री नाही. त्यापेक्षा दोन तासांचा नाट्यगीतांचा कार्यक्रम करा. निवडक दहा पदं, निवेदिका, मागे स्क्रीन. हॉल भरतो. ताई, तुम्ही पण असे कार्यक्रम करत असालच ना?

———

गिरणाकाठ
सोमवार, रात्री ८:४०

@रसिक_भुसावळ, करते. मानधन त्यातच मिळतं, नाटकात पदरचे जातात. त्यामुळे त्या कार्यक्रमांना नावं ठेवायचा मला हक्क नाही, तरी ठेवते.

पद हे संवादाचं पुढचं वाक्य असतं. ते उचलून नुसतं टेबलावर ठेवलं की सुंदर दिसतं, पण कशाचं उत्तर आहे तेच कळत नाही. 'कट्यार काळजात घुसली' घ्या. १९६७ चं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. त्यात 'घेई छंद मकरंद' दोन वेगळ्या चालींत आहे, एक सालगवराळी रागात, एक धानीत. शब्द तेच. कार्यक्रमात निवेदिका सांगते, "आता हेच पद दुसऱ्या रागात ऐकू या," आणि लोक टाळ्या वाजवतात, जणू साडीचा दुसरा रंग दाखवला. नाटकात ती दोन घराण्यांची झुंज आहे. एकाच कवितेकडे दोन माणसं कशी बघतात त्यावरून त्यांची आयुष्यं कळतात. ते कार्यक्रमात कुठून येणार?

वेळेबद्दल म्हणाल तर 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे. आम्ही आता 'सौभद्र' तीन तासांत बसवतो. साक्या, दिंड्या (ठरावीक चालीची छोटी पदं) कितीतरी गाळतो. नाना कापताना प्रत्येक पदाशेजारी पेन्सिलीनं लिहितात, "गाळल्यास काय बिघडेल?" जिथे उत्तर सापडत नाही ते पद जातं. माझं सगळ्यात आवडतं पद असंच गेलं. मी आठ दिवस नानांशी फक्त कामापुरतं बोलत होते.

एसीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. शालू, दागिने, केसांचा गंगावन आणि मे महिना. भामिनी श्रीमंत आहे म्हणून एवढं अंगावर घालते. दुसऱ्या अंकात वनमाला होऊन साधी साडी नेसायला मिळते तेव्हा मला प्रेमापेक्षा गारव्याचाच आनंद जास्त होतो.

———

हडसनकाठचा_चोपडेकर
सोमवार, रात्री ११:५०

चोपड्याचा, सध्या न्यू जर्सी. इथे ब्रॉडवेवर म्युझिकल्स बघतो तेव्हा हटकून आपल्या संगीत नाटकाची आठवण येते. इथे एकेक खेळ वर्षानुवर्षं चालतो, आठवड्याला आठ प्रयोग. नट आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा तयार. तुमच्याकडे कसं असतं?

———

गिरणाकाठ
मंगळवार, सकाळी ६:५५

@हडसनकाठचा_चोपडेकर, आमचे वर्षाला आठ झाले तरी पेढे वाटतो.

पण खरा फरक वेगळा आहे. तिकडे प्रत्येक स्वर लिहिलेला, वाद्यवृंद बांधलेला, सोमवारी जे गायलं तेच शनिवारी. म्हणून दुसरा नट तयार ठेवता येतो. इथे मी कालच्यासारखं आज गात नाही. तिसऱ्या रांगेतून "वा" आलं की तालाचं एक आवर्तन वाढतं. अर्जुनाला सर्दी असली की त्याचं पद आवरतं घेऊन मी माझं थोडं फुलवते. ऑर्गन आणि तबला मागून येत राहतात. तुमची शिस्त मला हवीय, विशेषतः घशाची निगा. आमच्याकडे निगा म्हणजे ज्येष्ठमधाची काडी आणि "रात्री ताक पिऊ नको".

वन्समोअरबद्दल कुणीच विचारलं नाही अजून. माझं मत: नाटकातला माणूस मरणपंथाला लागलेला असताना वन्समोअर घेऊ नये. बाकी घ्यावा. मिळाला तर.

———

कळण्याची_भाकर
मंगळवार, दुपारी १:३०

अवांतर: ताई, तुम्ही शब्दांबद्दल लिहिलं म्हणून विचारते. आमचं माहेर यावलचं, घरात लेवा बोली. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो आणि काळ्याला काया. मला शाळेत नाटकातून काढून टाकलं होतं याच्यावरून. तुम्हाला त्रास झाला का?

———

गिरणाकाठ
मंगळवार, रात्री ९:३०

@कळण्याची_भाकर, अवांतर कसलं, हाच तर मुद्दा. आईचं माहेर यावलकडचंच, त्यामुळे ळ ऐवजी य माझ्याही जिभेवर होता. वडिलांकडची अहिराणी, तिथे ण चा न. दोन्हीकडून कोंडी. नाना सहा आठवडे रोज माझ्याकडून 'बाळ, माळ, काळ' घोकून घेत होते आणि आमचा बलराम मागून 'केळं' म्हणायचा.

पण तुम्हाला काढून टाकलं हे वाचून वाईट वाटलं. एक सांगते. मी आता ज्या मुलींना शिकवते त्यांना घरची बोली सोडा असं म्हणत नाही. आखाजीची गाणी त्यांच्याच बोलीत म्हणायला लावते, आधी ती, मग नाट्यपद. त्या गाण्यांत चार-पाचच सूर फिरतात, पण झोका पुढे जातो तेव्हा ओळ लांबते आणि मागे येतो तेव्हा आखडते. श्वास कुठे घ्यायचा ते झोकाच शिकवतो. मला रंगमंचावर चालत गाताना जे दोन महिन्यांत जमलं नाही, ते या पोरी पहिल्या आठवड्यात करतात. बहिणाबाईंचा गळा कुणी रेकॉर्ड केला असता तर त्यात 'काया'च ऐकू आलं असतं ना?

आणि रंगभूमीवर शुद्धतेचा फार बाऊ करणाऱ्यांनी हे आठवावं की 'सौभद्र'ची पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर होते. पुरुषानं सुभद्रा केलेली चालली, तर यावलच्या मुलीनं केलेली का चालू नये?

———

मात्रा_सोळा
मंगळवार, रात्री ९:५०

शेवटच्या वाक्याला वन्समोअर.

———

पांझराकाठ
बुधवार, सकाळी १०:१०

आता फजिती येऊ द्या एखादी. बारा वर्षांत एक तरी असेलच.

———

गिरणाकाठ
बुधवार, रात्री १०:३०

असेल तर काय. घ्या.

एका तालुक्याच्या गावी 'मानापमान'चा प्रयोग. ऑर्गन छोट्या टेम्पोतून नेला, कापडी गाठोड्यांच्या मधे. संध्याकाळी पाचला उतरवला आणि ऑर्गनवाल्या काकांनी पाय मारले तर नुसता फुस्स आवाज. पाय हलतायत, सूर नाही.

मी वर लिहिलं ना, पेट्या उघडायचा नाद आहे म्हणून. मागची फळी काढली. आपल्या हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, हा ऑर्गन हवा आत ओढतो. त्यामुळे भोक कुठे आहे ते फुंकर मारून कळत नाही. मी उदबत्ती पेटवून भात्याभोवती फिरवली, काकांनी पाय मारले. एका घडीपाशी धूर सुळकन आत गेला. उंदरानं कुरतडलं होतं, माझ्या करंगळीएवढं भोक. शेजारी अजून दोन, बारीक. ज्या गोदामात तो महिनाभर पडून होता तिथल्या उंदरांची संगीताची आवड म्हणायची.

साडेपाच. पडदा नऊला. संयोजक म्हणाले, कीबोर्ड आणतो कुणाचा तरी. काका म्हणाले, मग मी बसत नाही. नाना एका खुर्चीवर बसून शांतपणे केळी खात होते.

बाहेर चौकात पंक्चरवाला होता. मी भामिनीच्या अर्ध्या मेकअपमध्ये, कपाळाला टिकली आणि अंगात गाऊन, त्याच्यासमोर उभी. "दादा, पंक्चर काढायचंय." "गाडी कुठंय?" "गाडी नाही, ऑर्गन." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हत्यारांची पेटी उचलली आणि आला. त्यानं भाता बोटानं चाचपला, म्हणाला, "ट्यूबपेक्षा नाजूक शे. दाबीसन लावता येणार नाही." कापड पॉलिश पेपरनं अगदी हलकं घासलं, सोल्युशन लावलं, फुंकून फुंकून वाळवलं, आणि पॅच कात्रीनं कातरून इतका पातळ केला की घडी मिटताना अडायला नको. तीन भोकांना पाऊण तास. तितका वेळ काका त्याच्या डोक्यावर टॉर्च धरून उभे होते. त्यांना इतकं गरीब मी कधीच पाहिलं नव्हतं.

पैसे विचारले तर म्हणाला, "तीन पंक्चरचे जे होतात ते द्या. आणि बसायला जागा द्या."

दिली. पहिल्या रांगेत कडेला. तो बायको आणि दोन पोरांना घेऊन आला, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पहिलं पद उचललं तेव्हा माझं लक्ष गेलं. सगळं नाट्यगृह माझ्याकडे बघत होतं आणि हा एकटा खाली ऑर्गनकडे. पूर्ण पदभर. पहिला अंक पडल्यावर विंगेच्या दाराशी आला.

"ताई, हवा धरी ऱ्हायना ना?"

———

खापरपोळी
बुधवार, रात्री १०:४५

आणि?? पुढे तो पॅच टिकला का?

———

गिरणाकाठ
बुधवार, रात्री ११:००

चार वर्षं झाली. तीनपैकी दोन अजून तेच आहेत. तिसरा मागच्या पावसाळ्यात सुटला, तो मी स्वतः लावला. काका म्हणतात तिथून हवा जाते.